रक्त वाढवणाऱ्या इंजेक्शनमुळे मुदतपूर्व बाळाच्या डोळ्यांना धोका असतो का?

परळच्या आचार्य दोंदे मार्गावर केईएम आणि वाडिया ही रुग्णालयं एकमेकांपासून काही पावलांवर आहेत. गिरणी कामगारांच्या कुटुंबांसाठी इथे १९२६ मध्ये नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह सुरू झालं आणि तीन वर्षांनी बाई जेरबाई वाडिया मुलांचं रुग्णालय आलं. आता गिरण्या गेल्या आहेत. लालबाग-परळच्या अनेक चाळींच्या जागी टॉवर उभे आहेत. पण नवजात बाळांच्या विभागाबाहेर बसलेल्या नातेवाइकांच्या तोंडी आजही तेच वाक्य असतं, "बाळ काचेत ठेवलंय."

काचेत म्हणजे इन्क्युबेटरमध्ये. बाळ सातव्या किंवा आठव्या महिन्यातच जन्माला आलेलं असतं आणि वजन किलो-सव्वा किलो असतं. काही आठवड्यांनी ते घरी जातं तेव्हा सोबत एक जाड फाइल येते. ऑक्सिजन किती दिवस लावला, कोणती अँटिबायोटिक्स दिली, रक्त किती वेळा चढवलं, हे सगळं त्यात असतं. काही फाइल्समध्ये आणखी एक नाव असतं, एरिथ्रोपोएटिन. डॉक्टर त्याला 'ईपीओ' म्हणतात.

हे नाव मोबाइलवर शोधलं की घरच्यांच्या छातीत धस्स होतं. कारण तिथे लिहिलेलं असतं की हे हार्मोन डोळ्याच्या पडद्यावर नको त्या रक्तवाहिन्या वाढवू शकतं आणि त्यातून अंधत्व येऊ शकतं.

हे खरं आहे का? थोडक्यात सांगायचं तर या संशयाला ठोस कारण होतं. प्रयोगशाळेत ते दिसलंही होतं. पण हजारो बाळांवरच्या चाचण्यांनंतर ती भीती बरीचशी ओसरली आहे. मुदतपूर्व बाळांची दृष्टी जाते ती बहुतेक वेळा दुसऱ्याच कारणानं, आणि ते कारण टाळता येण्यासारखं असतं.

हे हार्मोन आलं कुठून?

रक्तातल्या तांबड्या पेशी शरीरभर ऑक्सिजन पोहोचवतात. त्या कमी पडल्या की शरीर अस्थिमज्जेला 'आणखी बनव' असा निरोप धाडतं. ईपीओ हाच तो निरोप. मोठ्या माणसात तो मुख्यतः किडनीतून निघतो आणि पोटातल्या बाळात यकृतातून.

असा काही पदार्थ रक्तात असावा, असं फ्रान्समध्ये पॉल कार्नो आणि त्यांच्या सहकारी देफ्लांद्र यांनी १९०६ मध्येच मांडलं होतं. तो हाती लागायला मात्र ७० वर्षं गेली. शिकागो विद्यापीठाचे युजीन गोल्डवासर यांनी १९७७ मध्ये मानवी ईपीओ शुद्ध स्वरूपात वेगळं केलं. त्यासाठी जपानमधल्या ॲनिमियाच्या रुग्णांची तब्बल २,५५० लिटर लघवी गोळा करावी लागली होती आणि हाती आलं ते काही मिलिग्रॅम. पुढे अमेरिकेतल्या ॲमजेन कंपनीत फू-कुएन लिन यांनी त्याचा जीन शोधला आणि १९८९ मध्ये तिथे किडनीच्या रुग्णांसाठी औषधाला परवानगी मिळाली.

मुंबईत ज्यांच्या घरी कुणी डायलिसिसवर आहे, त्यांच्या फ्रिजमध्ये याची छोटी बाटली किंवा भरलेली सिरिंज हमखास असते. मुंबईच्या वॉकहार्टचं 'वेपॉक्स' किंवा पुण्याच्या एमक्युअरचं 'व्हिंटॉर' ही याच औषधाची नावं. खेळांच्या बातम्या वाचणाऱ्यांना ते वेगळ्या कारणानं माहीत असेल. सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगनं २०१३ मध्ये ज्या उत्तेजकांची कबुली दिली, त्यात ईपीओ होतं.

मुदतपूर्व बाळाला ते का द्यावं लागतं, याचं उत्तर साधं आहे. बाळ लवकर जन्मलं की त्याचा रक्त बनवण्याचा कारखाना अजून धड सुरू झालेला नसतो. त्यात रोजच्या तपासण्यांसाठी रक्त काढावं लागतं. एक किलोच्या बाळाच्या अंगात एकूण रक्त असतं ८०-९० मिलिलिटर, म्हणजे कटिंग चहाच्या ग्लासभर. त्यातून दर वेळी एक-एक मिलिलिटर गेलं तरी हिशेब लवकर तुटीत जातो. मग बाहेरून रक्त चढवावं लागतं. रक्त चढवणं कमी करता यावं, या हेतूनं १९९० च्या दशकात जगभरच्या नवजात विभागांमध्ये ईपीओ वापरून पाहिलं जाऊ लागलं.

अर्धवट राहिलेली पाइपलाइन

आता डोळ्याकडे येऊ. दृष्टिपटल म्हणजे डोळ्याच्या आत मागच्या बाजूला असलेला पातळ पडदा. कॅमेऱ्यातला सेन्सर म्हणा हवं तर. त्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या गर्भात चौथ्या महिन्याच्या सुमारास मधून, म्हणजे डोळ्याच्या नसेपासून वाढायला लागतात आणि हळूहळू कडेकडे सरकतात. नाकाकडची कड आठव्या महिन्याच्या आसपास पूर्ण होते. कानाकडची कड पूर्ण व्हायला जवळपास नऊ महिने भरावे लागतात.

अठ्ठाविसाव्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यात हे काम अर्धवट असतं. पुढे जे बिघडतं ते दोन टप्प्यांत बिघडतं आणि ईपीओचं सगळं कोडं या दोन टप्प्यांत दडलेलं आहे.

पहिल्या टप्प्यात ऑक्सिजन जास्त होतो. आईच्या पोटात बाळाला ऑक्सिजन बेताचाच मिळतो. बाहेर आल्यावर साध्या हवेतलाही त्याला जास्त होतो, नळीतून दिलेल्याची तर गोष्टच वेगळी. पडद्याला वाटतं, पुरवठा भरपूर आहे, नव्या वाहिन्या कशाला हव्यात? वाहिन्या वाढवणारी रसायनं घटतात, त्यात ईपीओही घटतं. वाढ थांबते, काही नाजूक वाहिन्या तर मरून जातात.

दुसरा टप्पा साधारण ३२ ते ३४ आठवड्यांचा हिशेब भरतो तेव्हा सुरू होतो. आता पडदा मोठा झालेला असतो, त्याची भूक वाढलेली असते आणि कडेपर्यंत रक्त पोहोचत नसतं. ऑक्सिजन कमी पडतो आणि पडदा घाबराघुबरा होऊन वाहिन्या वाढवणारी रसायनं भसाभस सोडतो. त्यातलं सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे व्हीईजीएफ. ईपीओही त्याच वेळी वाढतं.

गिरणगावातल्या एखाद्या गल्लीत महापालिकेची पाइपलाइन अर्ध्यावर थांबावी आणि पुढच्या टॉवरमध्ये लोक राहायला यावेत, तसं हे आहे. मागणी एकदम वाढते. मग जो तो मिळेल तिथून पाइप ओढतो. ते पाइप कच्चे असतात, गळतात आणि नको तिथून जातात. डोळ्यात अशा कच्च्या वाहिन्या पडद्याच्या पातळीत न राहता आतल्या जेलीत शिरतात. त्यांच्याबरोबर व्रणासारखी ऊती तयार होते, ती आकसते आणि पडद्याला ओढते. पडदा सुटला की दृष्टी जाते.

या आजाराला 'रेटिनोपॅथी ऑफ प्रीमॅच्युरिटी' म्हणतात. डॉक्टर आणि पालक दोघंही 'आरओपी' म्हणून मोकळे होतात. बोस्टनमधल्या थिओडोर टेरी यांनी १९४२ मध्ये त्याचं पहिलं वर्णन केलं. नंतरच्या दहा-बारा वर्षांत जगभरात सुमारे १० हजार मुलं यानं अंध झाली. कारण बाळ जगवण्यासाठी इन्क्युबेटरमध्ये ऑक्सिजन मोकळ्या हातानं सोडला जात होता. १९५० मध्ये मुदतपूर्व जन्मलेला गायक स्टीव्ही वंडर हा त्याच पिढीतला.

एकच बटण, दोन दिवे

ऑक्सिजन कमी पडल्याचं पेशींना कळतं कसं? या प्रश्नाच्या उत्तरासाठी २०१९ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेंझा यांना मिळालं. रॅटक्लिफ आणि सेमेंझा यांनी सुरुवात केली होती ती ईपीओच्या जीनपासूनच. पेशीत एक बटण असतं, त्याचं नाव 'हिफ'. ऑक्सिजन कमी झाला की ते चालू होतं. गंमत अशी की हे एकच बटण ईपीओही वाढवतं आणि व्हीईजीएफही. म्हणजे रक्त वाढवायचा आदेश आणि रक्तवाहिन्या वाढवायचा आदेश एकाच ठिकाणाहून सुटतो.

शरीराच्या दृष्टीनं यात विसंगत काही नाही. ऑक्सिजन कमी आहे, तर ट्रकही वाढवा आणि रस्तेही. अडचण येते ती डोळ्यासारख्या बंदिस्त जागेत, जिथे नवा रस्ता काढायला जागाच नसते.

क्योटोमधल्या ७३ रुग्णांच्या डोळ्यांत काय सापडलं?

इथे थोडं मोठ्या माणसांकडे वळावं लागेल, कारण ईपीओबद्दलची धोक्याची घंटा खऱ्या अर्थानं तिथे वाजली.

मधुमेह जुना झाला की काहींच्या पडद्यावर बाळांसारखाच प्रकार घडतो. जुन्या वाहिन्या बंद पडतात, पडदा उपाशी राहतो आणि कच्च्या वाहिन्या फुटतात. जपानमधल्या क्योटोच्या संशोधकांनी अशा ७३ रुग्णांच्या डोळ्यांतली जेली तपासली आणि मधुमेह नसलेल्या, पण इतर कारणांनी डोळ्याची शस्त्रक्रिया झालेल्या ७१ जणांशी तुलना केली. मधुमेहींच्या डोळ्यांत ईपीओची मधली पातळी ४६४ युनिट होती, इतरांमध्ये ३६.५. जवळपास १२-१३ पट. २००५ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आलेल्या या अभ्यासात आजाराशी ईपीओचं नातं व्हीईजीएफपेक्षाही घट्ट दिसलं होतं. उंदरांच्या डोळ्यांत ईपीओ अडवलं तर कच्च्या वाहिन्या कमी झाल्या, हेही त्यात होतं.

पण हे ईपीओ इंजेक्शनमधून आलेलं नव्हतं. उपाशी पडद्यानं ते स्वतःच तयार केलं होतं. मोबाइलवर वाचताना नेमका हा फरक निसटतो. हे हार्मोन पडद्यातल्या चेतापेशींना मरण्यापासून वाचवतं, असंही प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. म्हणजे पडदा ते बनवत होता तो जीव वाचवण्यासाठी, आणि त्याचा दुष्परिणाम म्हणून वाहिन्याही वाढत होत्या.

मग मधुमेह असलेल्या आणि डायलिसिसवर असलेल्या माणसानं ईपीओचं इंजेक्शन घ्यावं की नाही? मुंबईत हा प्रश्न हजारो घरांचा आहे. भारतात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे, असा अंदाज आयसीएमआरच्या पाठबळानं झालेल्या देशव्यापी अभ्यासानं २०२३ मध्ये दिला. वडाळ्याच्या आदित्य ज्योत संस्थेनं मुंबईच्या झोपडपट्ट्यांत केलेल्या पाहणीत मधुमेहींपैकी सुमारे १५ टक्के लोकांच्या पडद्यावर परिणाम झालेला आढळला होता.

इंजेक्शन स्वतःच्या मनानं बंद करणं हा सगळ्यात वाईट पर्याय आहे. तीव्र ॲनिमियात पडद्याला ऑक्सिजन आणखी कमी मिळतो आणि मधुमेही डोळ्यासाठी ॲनिमिया स्वतःच धोक्याचा मानला जातो. दुसऱ्या टोकाला, हिमोग्लोबिन अगदी निरोगी माणसाइतकं करायचा हट्टही महागात पडतो. मधुमेह, किडनीविकार आणि ॲनिमिया असे तिन्ही असलेल्या चार हजारांवर रुग्णांच्या 'ट्रीट' या चाचणीत हिमोग्लोबिन १३ पर्यंत नेण्याचं लक्ष्य ठेवलं होतं. ईपीओच्याच कुळातलं औषध मिळालेल्या गटात पक्षाघाताचं प्रमाण जवळपास दुप्पट निघालं. २००९ पासून डॉक्टर हात आखडता घेतात, त्याचं हे कारण. डोस ठरवणं किडनीच्या डॉक्टरांचं काम. रुग्णाच्या हातात आहे ते वर्षातून एकदा बाहुल्या मोठ्या करून पडदा तपासून घेणं, आणि पडद्यावर बदल असतील तर त्याहून लवकर.

यात आता एका नव्या औषधाची भर पडली आहे. इंजेक्शनऐवजी गोळी. ही गोळी शरीरातलं 'हिफ'चं बटणच दाबून ठेवते, म्हणजे शरीर स्वतःचं ईपीओ बनवू लागतं. झायडसच्या 'डेसिडुस्टॅट' या गोळीला भारतात मार्च २०२२ मध्ये मान्यता मिळाली. सुई टळते, फ्रिज लागत नाही, सोय मोठी आहे. पण ते बटण दोन दिवे लावतं, हे वर आलंच आहे. त्यामुळेच या गटातली औषधं सुरू करण्याआधी डोळ्यांचा पडदा तपासावा, असा सल्ला जपानच्या किडनीतज्ज्ञांच्या संघटनेनं दिला होता. आपल्याकडे गोळी लिहून देताना हा प्रश्न विचारला गेला नाही, तर रुग्णानं तो स्वतःहून विचारायला हरकत नाही.

नाशिक, टोरांटो आणि एक आकडा

आता पुन्हा काचेतल्या बाळाकडे.

जगभरातल्या वेगवेगळ्या चाचण्या एकत्र करून औषधाचा हिशेब मांडणारी 'कॉक्रेन' नावाची संस्था आहे. बाळांना ईपीओ द्यावं की नाही, याचा कॉक्रेनचा आढावा ज्या दोघांनी वर्षानुवर्षं घेतला, त्यातले एक टोरांटोचे आर्ने ओल्सन आणि दुसरे नाशिकचे नवजात शिशुतज्ज्ञ संजय आहेर. ही गोष्ट महाराष्ट्रात फारशी माहीत नाही.

त्यांच्या २००६ च्या आढाव्यात काळजीची गोष्ट समोर आली. जन्मानंतर पहिल्या आठवड्यातच ईपीओ सुरू केलेल्या बाळांमध्ये गंभीर आरओपीचं प्रमाण जास्त दिसत होतं. रक्त चढवणं कमी होत होतं खरं, पण फार नाही. थोडंसं रक्त वाचवण्यासाठी डोळा पणाला लावायचा का, असा सरळ सवाल उभा राहिला. अनेक ठिकाणी डॉक्टरांनी हात मागे घेतला.

दरम्यान बोस्टनमध्ये जिंग चेन आणि लॉइस स्मिथ यांच्या चमूनं उंदरांच्या पिल्लांवर नेमका वेळेचा प्रश्न तपासला. २००८ मध्ये त्यांनी दाखवलं की पहिल्या टप्प्यात, म्हणजे वाहिन्या मरत असताना ईपीओ भरून काढलं तर वाहिन्या वाचतात आणि पुढचा गोंधळही टळतो. तेच ईपीओ दुसऱ्या टप्प्यात, कच्च्या वाहिन्या फुटत असताना दिलं तर त्या आणखी फोफावतात. पुढच्या वर्षी त्याच गटानं दुसऱ्या टप्प्यात डोळ्यातलं ईपीओ दाबून दाखवलं, तर कच्च्या वाहिन्या घटल्या.

वाचायला हे फार नेटकं वाटतं. लवकर द्या, उशिरा देऊ नका. पण माणसाची बाळं उंदरांसारखी वागली नाहीत. कॉक्रेनच्याच दुसऱ्या एका आढाव्यात 'लवकर' आणि 'उशिरा' यांची थेट तुलना होती. तिथे लवकर दिलेल्या गटात आरओपी, अगदी सौम्य धरून, जास्त होता. गंभीर आरओपीत मात्र ठोस फरक नव्हता आणि मुळात चाचण्याच मोजक्या होत्या. उंदराच्या पिल्लाला ठराविक दिवस ठराविक ऑक्सिजन देता येतो. परळच्या किंवा टोरांटोच्या बाळाला संसर्ग होतो, श्वास अडतो, ऑक्सिजन वर-खाली होतो, रक्त चढतं. दोन टप्पे पुस्तकातल्यासारखे वेगळे राहत नाहीत.

पुढे चाचण्या वाढल्या तसा तो धोकादायक आकडा विरत गेला. ओल्सन आणि आहेर यांनीच आढावा नव्यानं केला, तेव्हा लवकर दिलेल्या ईपीओमुळे आरओपी लक्षणीयरीत्या वाढतो, असं दिसलं नाही. उलट मेंदूतला रक्तस्राव आणि आतड्यांचा एक गंभीर आजार कमी झाल्याचं दिसलं. आपलाच जुना निष्कर्ष नव्या आकड्यांपुढे बदलणं, ही विज्ञानातली रोजची गोष्ट असली तरी ती बातमी होत नाही. म्हणून मोबाइलवर अजूनही २००६ च फिरत राहतं.

सगळ्यात मोठी कसोटी अमेरिकेत झाली. 'पेनट' नावाच्या चाचणीत २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान जन्मलेली ९४१ बाळं होती. ईपीओनं मेंदूचं रक्षण होतं का, हे पाहायचं असल्यामुळे डोस मोठा होता. सुरुवातीला दर ४८ तासांनी किलोमागे १,००० युनिट, असे सहा डोस, नंतर आठवड्यातून तीनदा ४०० युनिट. ॲनिमियासाठी दिल्या जाणाऱ्या नेहमीच्या डोसपेक्षा हे कितीतरी जास्त. ईपीओ डोळ्याला घातक असतं, तर ते इथे दिसायला हवं होतं. २०२० मध्ये निकाल आला. दोन्ही गटांत आरओपीच्या प्रमाणात लक्षणीय फरक नव्हता. मेंदूच्या बाबतीतही फायदा दिसला नाही, दोन वर्षांच्या वयात मृत्यू किंवा गंभीर अपंगत्वाचं प्रमाण दोन्हीकडे २६ टक्के होतं.

म्हणजे ना खलनायक, ना तारणहार. म्हणूनच आज हे औषध प्रत्येक मुदतपूर्व बाळाला सरसकट दिलं जात नाही. कुठे देतात, कुठे नाही, तो त्या त्या विभागाचा निर्णय असतो. रक्ताची गरज कमी करायचे साधे मार्गही आहेत. जन्मानंतर नाळ अर्धा-एक मिनिट थांबून बांधणं आणि तपासणीसाठी कमीत कमी रक्त काढणं हे त्यातलेच. रक्त चढवणं हाही आरओपीशी जोडला गेलेला घटक आहे, कारण मोठ्या माणसाचं हिमोग्लोबिन ऑक्सिजन सहज सोडतं आणि बाळाच्या पडद्याला तो जास्त मिळतो. त्यामुळे 'इंजेक्शन नको, रक्तच द्या' असं म्हणूनही सुटका नाही.

सव्वा महिना आणि तिसावा दिवस

मग बाळांची दृष्टी जाते कशानं? जन्माचे आठवडे किती कमी, वजन किती कमी, ऑक्सिजन किती बेहिशेबी, संसर्ग झाला का, वजन नीट वाढतंय का, हे मोठे घटक. पण या सगळ्यांनंतरही आरओपी झालेल्या बहुतेक बाळांचा डोळा वाचवता येतो. लेझरनं किंवा व्हीईजीएफ अडवणाऱ्या इंजेक्शननं उपचार होतात. अट एकच, ते वेळेत व्हायला हवेत. गंभीर टप्पा दिसल्यावर हातात दोन-तीन दिवसच असतात.

भारतात जन्मावेळी २,००० ग्रॅम किंवा त्याहून कमी वजन असलेल्या, किंवा ३४ आठवडे किंवा त्याआधी जन्मलेल्या प्रत्येक बाळाचे डोळे तपासावेत, असा नियम आहे. अमेरिकेत ही रेषा १,५०० ग्रॅमवर आहे. आपल्याकडे त्याहून जड बाळांनाही आरओपी होतो, म्हणून जाळं मोठं टाकलं आहे. पहिली तपासणी जन्मापासून ३० दिवसांच्या आत व्हायला हवी. २८ आठवड्यांआधीची किंवा १,२०० ग्रॅमखालची बाळं असतील तर दोन-तीन आठवड्यांतच.

आता मराठी घरातला रिवाज आठवा. बाळंतीण आणि बाळ सव्वा महिना घराबाहेर पडत नाहीत. वारं लागू नये, नजर लागू नये, संसर्ग होऊ नये. पूर्ण दिवसांच्या बाळासाठी यात वावगं काही नाही, बाळंतिणीला विश्रांती मिळते ते वेगळंच. पण मुदतपूर्व बाळाचा तिसावा दिवस बरोबर या सव्वा महिन्याच्या आत पडतो. बाळ तिसऱ्या आठवड्यात काचेतून बाहेर आलं, घरी सोडलं, आणि आईला घेऊन माहेरची माणसं दादरहून तुतारी एक्स्प्रेसनं कोकणात गेली, तर तपासणीची तारीख फाइलमध्येच राहते. आजी म्हणते, एवढंसं बाळ, कुठे प्रवास करायचा? आजीचं चूक नसतं. तिला कुणी सांगितलेलंच नसतं की या आजारात बाळ रडत नाही, डोळा लाल होत नाही, बाहेरून काहीच दिसत नाही. बाहुलीत पांढरट झाक दिसते तेव्हा बहुतेकदा उशीर झालेला असतो.

चूक नेहमी घरच्यांचीच असते, असंही नाही. चेन्नईच्या एका सरकारी रुग्णालयात १९९६ मध्ये २९ आठवड्यांची जन्मलेली मुलगी आरओपीची तपासणी न झाल्यामुळे अंध झाली. तपासणीबद्दल पालकांना सांगितलंच गेलं नव्हतं. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तिला सुमारे १.८ कोटी रुपयांची भरपाई मंजूर केली. त्यानंतर तपासणीची नोंद हा रुग्णालयांच्याही काळजीचा विषय झाला.

सरकारी कार्यक्रमात आरओपी आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरमधून देशभरासाठी सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातल्या ३० आजारांच्या यादीत त्याचं नाव आहे. अडचण आहे ती माणसांची. बाळाचा पडदा तपासू शकणारे नेत्रतज्ज्ञ मोठ्या शहरांतच जास्त आहेत, आणि २०२० मध्ये भारतात मुदतपूर्व जन्मलेली बाळं होती सुमारे ३० लाख. शेजारच्या कर्नाटकात २००८ पासून 'किडरॉप' उपक्रमात प्रशिक्षित तंत्रज्ञ जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन बाळांच्या पडद्याचे फोटो काढतात आणि बेंगळुरूतले डॉक्टर ते पाहून निर्णय देतात. पुण्यातलं एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयही आरओपीवर काम करतं. पण परळमध्ये जन्मलेलं बाळ कणकवलीला गेलं, की त्याची फाइल कुणाच्या टेबलावर जाते, या प्रश्नाला अजून नीट उत्तर नाही.

तपासणी होते कशी, हे आधी माहीत असलेलं बरं, कारण ती पाहताना घरच्यांचा जीव वरखाली होतो. बाहुल्या मोठ्या करण्यासाठी अर्धा-पाऊण तास आधीपासून थेंब टाकतात. मग डोळा बधिर करून, पापण्या एका छोट्या चिमट्यानं उघड्या ठेवून डॉक्टर डोक्यावरच्या दिव्यानं आत पाहतात. बाळ जोरात रडतं. दोन्ही डोळे मिळून काही मिनिटांचं काम. एकदा तपासून भागत नाही. पडदा कसा आहे त्यावर एक ते तीन आठवड्यांनी पुन्हा बोलावतात, आणि वाहिन्या कडेपर्यंत पोहोचल्या असं डॉक्टर लिहून देईपर्यंत हे चालू राहतं. घरी सोडताना पुढची तारीख, वेळ आणि खोली क्रमांक फाइलच्या पहिल्या पानावर लिहून मागायला हवा, आणि बाळ दुसऱ्या गावी जाणार असेल तर तिथे ही तपासणी कुठे होते, हे गाडी सुटण्याआधीच विचारायला हवं.